वाचक विचारतात : टिचभर पडदा आणि कापलेली वेलांटी

लहान पडद्याच्या फोनांबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. संगणकावरून द्यायच्या आज्ञा इथे देवनागरीत छापल्या असल्या तरी टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि सुट्या शब्दांत लिहायच्या. आकडेही इंग्रजीच.

प्रश्न : भाच्यानं त्याचा तीन इंची अँड्रॉइड फोन मला देऊन टाकला. खिशात मावते, वावरात नेला तरी ओझं नाही. पण फॉर्म भरायच्या ॲपमध्ये खालचं ‘पुढे’ बटन दिसतच नाही, कुठं दिसलं तर अर्धंच. खराबी फोनमध्ये आहे का ॲपमध्ये?
— शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही धड आहेत, फक्त त्यांचं माप जुळत नाही.

अँड्रॉइड पडद्यावरची जागा पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्याच्या ठिपक्यांत, मोजत नाही. त्याचं माप ‘डीपी’. पडद्याचे पिक्सेल गुणिले १६०, भागिले घनता, की आले डीपी. इथली घनता म्हणजे पट्टी लावून काढलेली नव्हे. सिस्टिममध्ये लिहून ठेवलेला एक आकडा आहे, आणि तो बदलता येतो. धान्याच्या पायलीसारखं समजा. पोतं तेवढंच असतं, पण पायली मोठी घेतली की ते कमी पायल्यांत संपतं. घनतेचा आकडा मोठा ठेवला की अक्षरं आणि बटणं मोठी दिसतात आणि पडद्यावर मावतात मात्र थोडी.

तीन इंची फोनात ४८० × ८५४ पिक्सेलचा पडदा असतो असं धरू (२०२० चा युनिहर्ट्झ जेली २ याच मापाचा). घनता ३२० असेल तर रुंदी भरते २४० डीपी आणि उंची ४२७. घनता २४० केली तर रुंदी ३२० आणि उंची ५६९. २१३ केली तर रुंदी ३६० आणि उंची ६४१. आजचे ॲप लिहिणारे साधारण ३६० ते ४११ डीपी रुंदीचा फोन समोर ठेवून मांडणी करतात. ३२० वर बहुतेक ॲप्स कशीबशी तग धरतात. त्याच्या खाली गेलं की बटणं पडद्याच्या काठावरून घरंगळतात. तुमचं ‘पुढे’ तिथंच गेलं आहे.

आधी सोपा उपाय. सेटिंग्ज, मग डिस्प्ले, मग ‘डिस्प्ले साइझ’ आणि खूण सगळ्यात डावीकडे, म्हणजे सगळ्यात लहानावर. ही सोय अँड्रॉइड ७ पासून आहे. ‘फॉन्ट साइझ’ हा वेगळा पर्याय. तो मूळ जागीच असू द्या. एवढ्यानं बटण दिसलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही दिसलं, तर ‘फोनविषयी’ मध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’ वर सात वेळा बोट टेकवा. ‘डेव्हलपर पर्याय’ उघडतील. काही फोनांत ते ‘सिस्टिम’ च्या पोटात असतात. त्यात खाली ‘स्मॉलेस्ट विड्थ’, म्हणजे सगळ्यात कमी रुंदी, असा पर्याय आहे. सध्याचा आकडा आधी कागदावर लिहून ठेवा, मगच तिथं ३२० टाका. ३२० पेक्षा लहान आकडा दिला तरी सिस्टिम तो ३२० च धरते, त्यामुळे त्या बाजूनं घोळ होण्याची भीती नाही. भीती आहे ती मोठ्या आकड्याची. कोणी ८०० टाकून पाहतो आणि मग आकडा परत बदलायला अक्षरंच दिसत नाहीत.

याची किंमतही मोजावी लागते. बोटानं दाबायच्या बटणाची शिफारस ४८ डीपीची आहे, म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटर. तुमच्या पडद्यावर ३२० च्या रुंदीला ते ५.६ मिलिमीटर होतं आणि ३६० ला जेमतेम ५. कापूस वेचणाऱ्या बोटांना ५ मिलिमीटरवर नेम धरायला सांगणं बरोबर नाही. म्हणून रोजच्या वापराला ३२०, आणि एखादं ॲप फारच हट्टी निघालं तर तेवढ्यापुरतं ३६०. काम झालं की परत ३२०.

प्रश्न : माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाचा २.४५ इंची अँड्रॉइड आला आहे, पडदा २४० × ४३२. डेव्हलपर पर्यायात ३६० टाकतो, पण काहीच फरक पडत नाही. काहून?
— ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : कारण सेटिंग्जचा तो पर्याय घनता १२० च्या खाली नेतच नाही. २४० पिक्सेल रुंदीला १२० घनतेवर ३२० डीपी भरतात. ३६० साठी घनता १०७ लागते. ती फक्त संगणकावरून देता येते.

संगणकावर गूगलचं ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ (फोनला आज्ञा देणारं ‘एडीबी’ यातच असतं) उतरवून घ्या, फोनाच्या डेव्हलपर पर्यायात यूएसबी डीबगिंग सुरू करा आणि केबल जोडा. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलीवर तासभर डोकं खाजवणारे कमी नाहीत. फोनवर परवानगीची चौकट येईल. तिच्यात ‘या संगणकाला नेहमी परवानगी’ वर खूण करूनच होकार द्या. ही पायरी आधी उरकायची, कारण घनता चुकली तर तीच चौकट पडद्याबाहेर जाते आणि मग होकार देणार कशावर?

मग ‘एडीबी शेल डब्ल्यूएम डेन्सिटी’ एवढंच लिहून एंटर दाबा. फोन स्वतःची मूळ घनता सांगेल. ती नोंदवून ठेवा. त्यानंतर हीच आज्ञा शेवटी १०७ जोडून द्या. पडदा क्षणभर काळा होऊन नव्या मापात उभा राहील. हा आकडा फोन बंद-चालू केल्यावरही टिकतो. परतीचा रस्ता म्हणजे ‘डब्ल्यूएम डेन्सिटी रीसेट’. ७२ च्या खालचा आकडा ही आज्ञा स्वीकारत नाही.

एक चूक दुकानादुकानांत होते. घनतेऐवजी ‘डब्ल्यूएम साइझ’ वापरून पडदा ४८० × ८६४ चा आहे असं फोनला खोटंच सांगायचं आणि घनताही दुप्पट करायची. यानं जागा तसूभरही वाढत नाही, कारण डीपीच्या भागाकारात वर पिक्सेल आणि खाली घनता, दोन्हीकडे दुपटीनं गुणलं. उलट फोन चौपट पिक्सेल रंगवतो, ते दाबून २४० मध्ये कोंबतो, अक्षरं धूसर होतात आणि बॅटरी जास्त जाते. ते आधी ‘डब्ल्यूएम साइझ रीसेट’ करून काढून टाका.

१०७ वर ४८ डीपीचं बटण ४ मिलिमीटरचं उरतं. गिऱ्हाइकाला हे दाखवूनच फोन हाती द्या. आमचं मत विचाराल तर या फोनाला १२० च बरं. आणि काम संपल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करायला विसरू नका. ते सुरू दिसलं की पैशांच्या व्यवहाराची काही ॲप्स उघडायलाच नकार देतात.

प्रश्न : धुऱ्यावर उभं राहून पिकाची नोंद भरते. रकान्यावर बोट ठेवलं की कीबोर्ड वर येते आणि रकानाच झाकून टाकते. काय लिहिलं ते दिसत नाही.
— वाचक भगिनी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, हिशेब मांडून पाहिला तर कीबोर्डचीही दया येते. २४० × ३२० चा पडदा १२० घनतेवर घ्या. उंची ४२७ डीपी. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी २४ घेते, ॲपच्या नावाची पट्टी ५६ आणि खालची तीन बटणांची पट्टी ४८. उरले २९९. कीबोर्डच्या चार ओळी प्रत्येकी ५० च्या धरल्या तर २०० तिकडे गेले. तुमच्या वाट्याला ९९ डीपी, म्हणजे ७४ पिक्सेल. त्यात रकान्याचं नाव आणि रकाना कसाबसा बसतो. कीबोर्डवर शब्द सुचवणारी पट्टी असेल तर तेही नाही.

जागा कुठून काढायची ते पाहू. अँड्रॉइड १० किंवा पुढचं असेल तर खालची तीन बटणं काढून बोट सरकवण्याची पद्धत लावा: सेटिंग्ज, सिस्टिम, जेश्चर. पट्टीची निम्म्याहून जास्त उंची मोकळी होते. जीबोर्डमध्ये (गूगलचा कीबोर्ड) ‘प्राधान्ये’ उघडून कीबोर्डची उंची सगळ्यात कमी करा. मराठीसाठी अक्षरांचा पूर्ण तक्ता न घेता रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी मांडणी घ्या; तिच्या ओळी कमी, कळा रुंद. ‘soyabin’ च्या अक्षरांवर बोट फिरवलं की ‘सोयाबीन’ समोर येतं.

हे सगळं करूनही झाकलं जात असेल तर फोन आडवा धरा. उलटं वाटेल, कारण आडव्यात उंची आणखी कमी. पण उंची फारच कमी झाली की अँड्रॉइड बाकीचा फॉर्म बाजूला ठेवून फक्त तुमचा रकाना आणि कीबोर्ड पडदाभर दाखवतं. लिहून झालं की ‘झालं’ दाबा, फोन उभा करा. ॲप बनवणाऱ्यानं ही सोय मुद्दाम बंद केली नसेल तर ती बहुधा चालते. आकडे सोडून बाकी मजकूर माइकचं बटण दाबून बोललात तर कीबोर्डची गरजच पडत नाही, मात्र त्याला बहुधा नेटवर्क लागतं आणि धुऱ्यावर ते असेलच असं नाही.

उन्हाचं तुम्ही विचारलं नाही, पण मे महिन्यात विचाराल. फोन तापला की सिस्टिम स्वतःहून उजेड कमी करते, आणि तेव्हाच आपल्याला तो जास्त हवा असतो. अशा वेळी अक्षरं मोठी करण्यापेक्षा ठळक करा. अँड्रॉइड १२ पासून ‘ठळक मजकूर’ हा पर्याय आहे आणि तो जवळजवळ जागा खात नाही.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला आहे. गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी मराठी ॲप लिहिलं. माझ्या फोनवर झकास दिसतं, पण केंद्रावरच्या लहान फोनवर तालुक्यांच्या यादीत ‘आर्वी’ चं ‘आवी’ दिसतं आणि ‘मूल’ चं ‘मल’. फॉन्ट बदलू का?
— विद्यार्थी, जि. वर्धा

उत्तर : फॉन्ट बदलू नका. तुमच्या ओळीची उंची बांधलेली आहे, ती सोडवा.

रोमन लिपीत अक्षराच्या वर-खाली फारसं काही घडत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ‘आर्वी’ तल्या ‘र्वी’ वर रफार आणि वेलांटी एकाच डोक्यावर बसतात. ओळीला ठरावीक २० डीपी उंची दिली की वरचा मजला कापला जातो. ‘मूल’ आणि ‘कुही’ यांचं तळघर जातं. मोठ्या फोनवरही हेच होतं, फक्त तिथं नजरेत भरत नाही.

करायचं ते असं. मजकुराच्या पेटीची उंची आकड्यात देऊ नका. ‘रॅप कन्टेन्ट’ द्या आणि किमान उंची ४८ डीपी ठेवा. ‘इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग’ खोटं (फॉल्स) केलं असेल तर पुन्हा खरं (ट्रू) करा. नीटनेटकं दिसावं म्हणून ते बंद करण्याची फॅशन आहे, आणि तिचा पहिला बळी पहिल्या ओळीतला रफार. ‘फॉलबॅक लाइन स्पेसिंग’ ला हात लावू नका. अँड्रॉइड ९ पासून ती सोय मुख्य रोमन फॉन्टऐवजी प्रत्यक्ष वापरलेल्या देवनागरी फॉन्टच्या उंचीप्रमाणे ओळ सोडते.

अजून एक गुण आहे, ‘एलिगंट टेक्स्ट हाइट’. अँड्रॉइडजवळ अशा लिप्यांसाठी दोन घडणीचे फॉन्ट असतात: एक रोमन ओळीत बसावा म्हणून वरून-खालून दाबलेला, दुसरा मोकळ्या उंचीचा. अँड्रॉइड ५ पासून हा गुण खरा करून मोकळा फॉन्ट मागता येतो. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करून बांधलेल्या ॲपमध्ये तो आपसूकच खरा असतो. इथंच फसायला होतं. काल बरं दिसणारं ॲप लक्ष्य-आवृत्ती वाढवल्यावर अचानक मात्रा कापू लागतं, कारण अक्षर उंच झालं आणि पेटी ताठच राहिली. म्हणून पेट्या आधी मोकळ्या करा, गुण नंतर.

आता आकार. एसपी म्हणजे डीपीच, फक्त ‘फॉन्ट साइझ’ प्रमाणे कमी-जास्त होणारा. १२० घनतेवर १४ एसपीचा मजकूर म्हणजे साडेदहा पिक्सेल. शिरोरेषेपासून तळापर्यंत मूळ अक्षराच्या वाट्याला सहा-सात पिक्सेल येतात, त्यातही शिरोरेषेचा एक. एवढ्यात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ओळखू येत नाहीत. त्या फोनांसाठी १८ एसपी ठेवा. आपोआप लहान होणारा मजकूर वापरत असाल तर त्याची खालची मर्यादा १६ एसपीच्या खाली नेऊ नका. ओळीत मावत नसेल तर दुसरी ओळ होऊ द्या. यादीत ‘आर्वी’ च्या जागी ‘आ…’ दिसण्यापेक्षा दोन ओळी परवडल्या.

‘जतन करा’ चं बटण पडद्याच्या तळाशी चिकटवलं असेल तर तेही सोडवा. कीबोर्ड उघडल्यावर उरणाऱ्या ९९ डीपींतले (हिशेब मागच्या उत्तरात) ४८ ते खातं आणि ज्या रकान्यात लिटर भरायचे तोच दिसेनासा होतो. बटण सरकत्या भागाच्या आत, शेवटच्या रकान्याखाली घ्या आणि खिडकीला ‘ॲडजस्ट रीसाइझ’ द्या. मांडणी लिहिताना मूळ फोल्डरमध्ये लहान पडद्याची मांडणी ठेवा. ३६० डीपी आणि त्याहून रुंद पडद्यांसाठी वेगळा फोल्डर करा. बहुतेक जण उलटं करतात आणि मग लहान फोनच्या वाट्याला मोठ्यांचे उतरवलेले कपडे येतात.

तपासायला केंद्रावर जायची गरज नाही. अँड्रॉइड स्टुडिओच्या यादीत २.७ इंची क्यूव्हीजीए नावाचा २४० × ३२० चा तयार नमुना आहे. तो उघडून भाषा मराठी करा, फॉन्ट १.३ पट करा आणि तालुक्यांची यादी वरपासून खालपर्यंत सरकवा. त्यात ‘आर्वी’, ‘मूल’, ‘कुही’, ‘वरूड’ ठीक दिसले तर बाकीचे दिसतीलच. आणि सोबत ‘पऱ्हाटी’ लिहून पाहा. तो ‘ऱ्ह’ नीट जुळला तर फॉन्टची चिंता मिटली.

प्रश्न : दहा-बारा वर्षांपूर्वी तीन इंची अँड्रॉइड सर्रास मिळत आणि सगळं चालत असे. आता काहून चालत नाही?
— निवृत्त शिक्षक, ता. तुमसर, जि. भंडारा

उत्तर : गुरुजी, तेव्हा ॲप लिहिणाऱ्याला लहान पडदा डोळ्यांसमोर ठेवावाच लागत होता. २००८ चा पहिला अँड्रॉइड फोन ३.२ इंची, ३२० × ४८० चा होता. २००९ मध्ये आवृत्ती १.६ आली आणि २४० × ३२० ला अधिकृत जागा मिळाली. २०११ चा गॅलेक्सी वाय आपल्याकडे घरोघरी होता, त्याचा पडदा याच मापाचा. त्या काळातलं सगळ्यात हुशार उत्तर मात्र सोनी एरिक्सनच्या एक्सपीरिया एक्स१० मिनीत होतं, २०१० मध्ये. अवघा २.५५ इंची पडदा. त्यांनी मुखपृष्ठावरची चिन्हांची दाटी काढून चार कोपऱ्यांत चार कामं ठेवली. अंगठ्याला कोपरा न बघताही सापडतो. सिस्टिम लहान करण्यापेक्षा कामं कमी करणं हा शहाणपणा होता; तो पुढे कोणी फारसा उचलला नाही.

अँड्रॉइडच्या नियमांत ‘लहान’ पडद्याची किमान जागा ४२६ × ३२० डीपी अशी लिहिलेली आहे. पण नियमात जागा असणं वेगळं आणि ॲप लिहिणाऱ्याच्या टेबलावर तसा फोन असणं वेगळं.

प्रश्न : बचत गटाच्या हिशेबाचं अँड्रॉइड ॲप कीपॅडच्या फोरजी फोनात टाकता येईल का? पडदा दिसतोच की रंगीत.
— गट सचिव, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : नाही. त्यातल्या बऱ्याच फोनांत कायओएस असतं. २०१७ चा जिओफोन त्याच घराण्यातला. हे फायरफॉक्स ओएसपासून निघालेलं आहे आणि त्यावर वेबच्या भाषेत लिहिलेलीच ॲप्स चालतात. अँड्रॉइडची फाइल तिथं उघडणारच नाही.

तुमच्या हिशेबाचं वेबपान करता येईल. २४० × ३२० पैकी वरची पट्टी २६ पिक्सेल घेते आणि खालच्या तीन कळांची नावं ३०. मजकुराला २६४ उरतात: ६० पिक्सेलच्या चार ओळी आणि थोडी मोकळी जागा. बोटाचा स्पर्श नाही, म्हणून कुठली ओळ निवडली आहे ते रंग बदलून ठसठशीत दिसलं पाहिजे, आणि वर-खाली कळेनं प्रत्येक ठिकाणी पोचता आलं पाहिजे. एका पानावर एकच प्रश्न विचारा: आज कोणाचा हप्ता, किती रुपये. आकडे भरायला कीपॅड टचपेक्षा सरस आहे, त्याचा फायदा घ्या. नुसते पैसे पाठवायचे असतील तर वेबपानही नको. साध्या फोनसाठीची यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून आहे.

प्रश्न : नवीन स्मार्टवॉचवर मराठी मेसेज आला की चौकोन दिसतात. मित्राच्या घड्याळात अक्षरं दिसतात, पण ‘कि’ ची वेलांटी भलतीकडेच.
— ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. स्वस्त घड्याळांत अँड्रॉइड नसतं. एका छोट्या चिपवर चालणारी बारकी सिस्टिम असते. फोन तिला ब्लूटूथवरून नुसता मजकूर पाठवतो, अक्षरं घड्याळ स्वतःच्या साठ्यातून काढतं. साठ्यात देवनागरी नसेल तर चौकोन. मित्राच्या घड्याळात अक्षरं आहेत, पण ती जुळवणारा भाग नाही. मजकुरात ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी असते. दाखवताना वेलांटी पुढे आणायची हे काम कोणीतरी करावं लागतं. अँड्रॉइडमध्ये ते हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो. घड्याळात तसा प्रोग्राम नसला की ‘प्र’ चा ‘प् र’ होतो आणि ‘पऱ्हाटी’ ची तर पार दैना.

घड्याळाच्या ॲपमधून फर्मवेअर, म्हणजे घड्याळाची आतली सिस्टिम, अद्ययावत करून पाहा. काही घड्याळांत भाषा हिंदी केली की देवनागरीचा साठा उतरतो. त्यानं न झालं तर दुसरा उपाय नाही. पुढच्या वेळी दुकानातच स्वतःला एक मराठी मेसेज पाठवून घ्या, ‘कृपया आर्वीला पऱ्हाटी किती ते कळवा’, आणि मग पैसे मोजा.

गोल घड्याळ घेणार असाल तर ध्यानात ठेवा की गोलात बसणारा चौकोन व्यासाच्या ०.७ पटच असतो. ४५४ पिक्सेलच्या गोल पडद्यात मजकुराचा चौकोन ३२१ चा. कोपऱ्यांतली जागा पाहायलाच असते.

प्रश्न : घनता कायमची बदलायला बिल्ड डॉट प्रॉप फाइल बदलतात म्हणे. करू का?
— ता. मलकापूर, जि. बुलढाणा

उत्तर : नका करू. त्यासाठी फोन रूट करावा लागतो, म्हणजे सिस्टिमच्या फायलींवर पूर्ण ताबा घ्यावा लागतो. तेव्हा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, उघडताना सगळा डेटा पुसला जातो, आणि त्या फाइलीत चूक झाली तर फोन लोगोवरच अडकतो. ‘डब्ल्यूएम डेन्सिटी’ नं तेच काम होतं, तेही टिकाऊ, आणि एका आज्ञेत मागे फिरता येतं.

प्रश्न : फोन पडला. काच शाबूत आहे, पण खालच्या बोटभर पट्टीवर स्पर्श लागत नाही. कीबोर्डची शेवटची ओळ आणि होम बटन तिथंच. डिस्प्ले बदलायचा खर्च फोनच्या किमतीएवढा. पडदाच तेवढा लहान करता येईल का?
— किराणा दुकानदार, ता. पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : फोन अँड्रॉइड १० किंवा त्याआधीचा असेल तर येईल. संगणकाला जोडून ‘एडीबी शेल डब्ल्यूएम ओव्हरस्कॅन’ ही आज्ञा आणि पुढे स्वल्पविरामांनी जोडलेले चार आकडे द्यायचे: डावी, वरची, उजवी आणि खालची बाजू किती पिक्सेल सोडायची ते. आकड्यांमध्ये मोकळी जागा सोडू नका. खालचे १५० पिक्सेल सोडायचे तर ०,०,०,१५०. पट्टी काळी राहील आणि कीबोर्ड व होम बटण तिच्या वर सरकेल. मेलेली पट्टी नेमकी किती ते कळायला डेव्हलपर पर्यायात ‘पॉइंटर लोकेशन’ सुरू करा. बोट वरून खाली सावकाश ओढा. वर दिसणारा ‘वाय’ चा आकडा जिथं थांबतो तो पडद्याच्या उंचीतून वजा करा आणि १० पिक्सेल जास्तीचे धरा. बिघडलं तर हीच आज्ञा शेवटी रीसेट लिहून द्या.

अँड्रॉइड ११ मध्ये ही आज्ञा काढून टाकली. तिथं कीबोर्ड तरंगता करून वर ओढून घ्या. काही कंपन्यांच्या फोनांत सेटिंग्जमधल्या सुलभता विभागात होम-बॅक असलेला तरंगता मेनू असतो, तो असेल तर सुरू करा. तो मेनू पडद्याच्या उजव्या काठाला, मधोमध ठेवा. वर ठेवला तर सूचनांची पट्टी ओढताना बोट त्यावरच पडत राहतं.